सात जणींचे पैसे आणि माझा अंगठा

९ मार्च

बाजार पडला म्हणे! पडायला तो काय कपडे वाळत घालायची दोरी आहे? धुलाईघरातली बुटकी सकाळी वाफेच्या इस्त्रीपाशी आली ती तोंड एवढंसं करून. "हवालदार, आपले पैसे बघितलेस का?" मी म्हटलं, पैसे काय बघायचे, पाळण्यात घातलेत? तर म्हणे, कमी झालेत. बसल्या जागी कमी कसे होतील? कोणी खाल्ले? "कोणी खात नाही गं, आपोआप होतात." आपोआप फक्त केस गळतात, मी म्हटलं, आणि तिला कामाला लावलं.

पण घरी आल्याबरोबर फोन उघडला. अंगठा टेकवून टेकवून दुखला तेव्हा कुठे ते बँकेचं पान दिसलं. खरंच कमी! लाल रंगात लिहिलंय वर, म्हणजे मेल्यांनाही माहीत आहे की हे वाईट आहे.

कागदाला एकदा सगळं नीट सांगते. कागद उलट बोलत नाही, बुटकी बोलते.

दवाखान्याच्या धुलाईघरात आम्ही सात जणी. आमची भिशी. दर महिन्याला प्रत्येकीने पैसे टाकायचे, जिची पाळी तिने सगळे उचलायचे. पैसे माझ्याकडे, कारण मी कोणाला दयामाया दाखवत नाही. म्हणून तर हवालदार म्हणतात. इतकी वर्षं सुरळीत चाललं. मग गेल्या वर्षी बुटकीच्या डोक्यात किडा वळवळला. तिचा दीर म्हणे, पैसे नुसते हातातून हातात फिरवून काय मिळतं? वर्षभर कोणीच उचलू नका. साठवा आणि बाजाराच्या फंडात टाका, आपोआप वाढतील. म्हणजे तेव्हाही आपोआपच!

सगळ्या हुरळल्या. मीही हुरळले, का खोटं लिहू. कागदपत्रं धड फक्त माझी. एकीचं नाव चुकलेलं, दुसरीचं जन्मसाल तिच्या मुलाच्या नंतरचं. म्हणून खातं माझ्या एकटीच्या नावावर. जानेवारीत बँकेतल्या टायवाल्याने अंगठा घेतला, गुप्त नंबर टाकायला लावला, हसून म्हणाला, "काकू, आता निवांत झोपा."

झोपते हं, थांब.

१३ मार्च

अजून पडला. दुपारच्या सुट्टीत सगळ्या माझ्याभोवती. जशी काही मीच ढकलला.

मावशी मात्र लांब बसून डबा खात होती. मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात म्हातारी. सख्खी कोणाचीच नाही, पण मावशी सगळ्यांची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घडीच्या टेबलावर चादरी चाचपून घड्या घालते. फाटकी चादर चांगल्यात घालते, मग आम्ही हळूच काढून घेतो. साहेबांना कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं, पण रांग एवढी की नंबर लागेपर्यंत ही भिंतीला आपटेल. म्हणून बाहेरच्या डॉक्टरकडे करायचं ठरलंय. त्याला लागणारे पैसे म्हणजे भिशीतला तिचा वाटा. बरोब्बर तेवढेच. वर एक चहाचासुद्धा नाही.

मी म्हटलं, "मावशी, तुमचे पैसे पूर्ण मिळतील. कमी पडले तर मी घालीन."

"तू कुठून घालशील पोरी?"

"कुठून का घालेना! तुम्हाला डोळे हवेत की हिशेब?"

बुटकीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. मलाही तेच वाटलं. पण बोलून बसले. आता तोंडातून गेलेलं काय ड्रममध्ये घालून धुता येतं?

१४ मार्च

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "जुगार तो जुगार. माझा मुलगा खेळला असता तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस." मी भांडी जरा जास्त आपटली.

२३ मार्च

ह्या नव्या साथीमुळे सगळं बंद. रस्त्यावर कुत्रीसुद्धा बावरलीत. आम्हाला मात्र कामावर जायचंच. चादरी काय घरबसल्या धुतल्या जातात?

फंड बघितला. शंभर टाकलेल्याचे साठ-बासष्ट राहिलेत. बुटकीचा फोन. "विक! सगळं विक! अजून पडणार आहे, दीर म्हणतोय, शून्य होणार!" हाच दीर. हाच! ह्यांचाही फोन आला. ट्रक घेऊन गेलेले, तिकडेच एका ढाब्यावर अडकलेत. म्हणाले, "जे आहे ते काढून घे." जन्मात पहिल्यांदा बुटकीचं आणि ह्यांचं एकमत.

ठरवलं, विकायचं. मावशीचं जे कमी पडेल त्याला माझ्या दोन बांगड्या. काढून कपाटात फडक्यात बांधून ठेवल्या. हात कसा उघडाबोडका दिसतो. डोळ्यांत पाणी आलं. मेलं आलं तर आलं.

आणि मग तो अंगठा! टेकवला — नाही. पुसून टेकवला — नाही. तेल लावून, तेल पुसून, फुंकर मारून, दुसरा अंगठा, सगळं केलं. इतकी वर्षं ब्लीचमध्ये हात घालतेय, रेघा उरल्यात कुठे! जानेवारीत दहादा टेकवून एकदा लागायचा. आता ह्या साथीमुळे पावडर दुप्पट टाकतात, तेवढंही गेलं. अंगठा कसला, शिजलेलं बोट.

मग म्हटलं गुप्त नंबर टाकू. ह्यांचं जन्मसाल टाकलं — चूक. माझं — चूक. लग्नाचं साल — चूक! आणि पान बंद. "तुमचे खाते सुरक्षिततेसाठी बंद करण्यात आले आहे." कोणापासून सुरक्षित? माझ्यापासून?

सासूबाई दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्या स्वभावात नाही, पण मला तेव्हा भान कुठलं!

२४ मार्च

बँकेचं शटर खाली. कागद चिकटवलाय, फोन करा. फोन केला. एक बाई बोलते, ती बाई नाही, मशीन आहे. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. वाजंत्री लावून ठेवतात. कान तापला. शेवटी एक खरी मुलगी आली. म्हणाली, "मॅडम, खातं उघडायला आम्ही तुमच्या नोंदवलेल्या नंबरावर फोन करू, काही प्रश्न विचारू आणि नवा नंबर देऊ." कधी? "कामाच्या दिवशी, दुपारी."

कामाच्या दिवशी दुपारी मी काय पलंगावर पडलेली असते?

२९ मार्च

धुलाईघरात फोन न्यायची बंदी झाली. अंगभर झगा, दोन-दोन हातमोजे, तोंडावर पट्टी. साथीच्या वॉर्डातल्या चादरी लाल पिशवीत येतात. ती पिशवी उघडायचीच नाही. तशीच्या तशी ड्रममध्ये ढकलायची, गरम पाण्यात पिशवी विरघळते. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे चांगलं आहे. कोणाचं काय दुखणं ते बघायलाच नको.

फोन घरी सासूबाईंकडे ठेवते. बजावून सांगितलं, बँकेचा आला की संध्याकाळी मला सांगा.

११ एप्रिल

आला नाही. कोणी फोनच करत नाही. बँक मेली.

१६ एप्रिल

परत त्यांना फोन लावला. दुसरी मुलगी. म्हणे, "मॅडम, आम्ही फोन केला होता." खोटारडे! एवढं शिकून खोटंच बोलायचं तर माझ्यासारखं राहायला काय झालं होतं? सासूबाईंना विचारलं, आला होता का हो? म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचा आला होता. पायताण तुटलं म्हणाला." झालं.

रविवारी मला सुट्टी. रविवारी बँकेलाही सुट्टी. काय जुळणी आहे!

२ मे

आज लागलं मनाला. चहाच्या वेळी लांब लांब बसतो आता, प्रत्येकीत एक खुर्ची सोडून. त्यामुळे कुजबुजायचं झालं तरी ओरडून कुजबुजावं लागतं. मग सगळंच ऐकू येतं. एक म्हणाली, "खातं हिच्या नावावर, फोन हिचा, अंगठा हिचा. उघडत नाही म्हणते. खरं कशावरून?"

मी उठले. झग्यासकट. म्हटलं, "ये, माझा अंगठा बघ. चाटून बघ हवा तर!"

कोणी हललं नाही. मावशीच म्हणाली, "मी बघते." आली चाचपडत, माझे हातमोजे काढले, बोटं आपल्या बोटांनी चाचपली. "गुळगुळीत आहे गं बाई. माझ्यासारखाच." मग सगळ्या आपापली बोटं बघायला लागल्या. एकीच्याही रेघा धड नाहीत. बुटकीच्या तेवढ्या आहेत. ती इस्त्रीवर असते ना, पाण्यात हात नाही. म्हटलं, खातं तुझ्याच नावावर काढायला हवं होतं गं भवानी! ती म्हणाली, "माझं जन्मसाल चुकलंय."

हसू आलं सगळ्यांना. पट्टीच्या आत हसलं की गरम वाफ येते.

बाजाराचं मी आता बघू शकत नाही. टीव्हीवर म्हणतात वर चाललाय. बाहेर माणसांची कामं सुटतायत आणि हा वर! कशाने वर? मला कोणी समजावून सांगत नाही, आणि जो सांगतो त्यालाही कळलेलं नसतं.

२ जून

परत तक्रार नोंदवली. "नक्की फोन करू मॅडम." करा बाई. नका करू. काही करा.

१८ जून

अंगात ताप. जिभेला चव नाही. तपासणीला दिलंय. आतल्या खोलीत बंद केलं मला. फोन बाहेर सासूबाईंकडे, ह्यांचा आला तर त्यांनीच बोलावं, माझा घोगरा आवाज ऐकून उगाच ट्रक सोडून चालत निघतील.

मरायची भीती वाटतेय? वाटतेय. पण खरं लिहू? त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. मी मेले तर सात जणींचे पैसे माझ्या एकटीच्या नावावर. टायवाल्याने विचारलं होतं, "काकू, तुमच्या मागे कोणाचं नाव घालू?" मी म्हटलं होतं, "मागे कोण कशाला, मी आहे ना पुढे!" आणि हसले होते. केवढी अक्कल! आता मावशीने कोणापुढे उभं राहायचं? सगळ्या म्हणतील, हवालदार गेली आणि जाताना आमचंही घेऊन गेली.

दाराला तोंड लावून सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आई, मला काही झालं तर बुटकीला सांगा, बँकेत जाऊन…"

बाहेरून उत्तर, "आधी पाणी पी. मरायचं काय ते नंतर बघू."

२१ जून

साथच आहे. श्वास ठीक आहे. सासूबाई दाराबाहेर ताट ठेवतात आणि शिव्या देतात. "अर्धं कोणासाठी ठेवलंस? मी खाऊ तुझं उष्टं?" एवढ्या वर्षांत मी त्यांच्या हातचं इतकं कधी जेवले नव्हते. चव लागत नाही. पोट भरतं.

२६ जून

ताप नाही! कालही नव्हता. खिडकीशी उभी राहिले. समोरच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. पिळलेली नीट नव्हती, पाणी टपकत होतं. मी मनात म्हटलं, दे इकडे, दाखवते. म्हणजे मी बरी झाले.

२९ जून

चव आली. कारलं खाल्लं आणि आनंद झाला. सासूबाईंना वाटलं तापाने डोकं गेलं.

८ जुलै

रागवावं की हसावं, अजून कळत नाही.

अजून रजेवर आहे. बाहेरच्या खोलीत पडले होते, डोळे मिटून. दुपारी फोन वाजला. सासूबाईंना वाटलं मी झोपलेय. त्यांनी उचलला, आणि काय सांगू! "कोण? बँक? अगं ए, लाज नाही वाटत? म्हाताऱ्या माणसाला लुबाडतेस? नंबर हवाय तुला? मी देते नंबर, पोलिसांचा देते! आईबापांनी हेच शिकवलं का? ठेव फोन!" आणि ठेवला. आणि शांतपणे पदराने फोन पुसला.

मी ताडकन उठले. "आई! कोण होतं?"

"चोर. रोजच येतो."

"रोज!"

"तूच तर सांगितलं होतंस. बँकेतून बोलतो म्हणाला की समजायचं चोर, काही सांगायचं नाही, शिव्या घालून ठेवायचा."

सांगितलं होतं! मीच सांगितलं होतं. समोरच्या म्हाताऱ्याचे असेच पैसे गेले तेव्हा मी सासूबाईंना समोर बसवून घोकून घेतलं होतं. मी म्हटलं, "अहो पण नंतर मी म्हटलं ना, खऱ्या बँकेचा येणार आहे म्हणून!" त्या म्हणाल्या, "आता खरी कोणती आणि खोटी कोणती, आवाजावरून काय कळतं? दोघी मॅडमच म्हणतात."

एवढे महिने! ती बिचारी मुलगी दर वेळी माझ्या सासूच्या शिव्या खात होती आणि मी तिला खोटारडी म्हणत होते. कोणाचे फोन येऊन गेले ते फोनमध्ये बघता येतं, हेही मला आज कळलं. बुटकीने फोनवरून सांगितलं आणि वर म्हणाली, "तुला एवढंही माहीत नाही?" माहीत असतं तर तुझ्या दिराचं ऐकलं असतं का!

९ जुलै

आज फोन मी घेतला. ती मुलगी आधी अगदी हळूच "हॅलो" म्हणाली. घाबरली असणार. मी म्हटलं, "बोल बाळ, मी आहे, सासूबाई नाहीत." ती हसली. आईचं नाव, जन्मतारीख, काय काय विचारलं. नवा नंबर मिळाला. या वेळी कोणाचंही साल नाही घातलं. काय घातलं ते कागदालाही सांगणार नाही.

पान उघडलं. डोळे मिटून उघडलं. शंभराचे अठ्ठ्याऐंशी!

साठ नाहीत, पन्नास नाहीत, शून्य तर नाहीच नाही. अठ्ठ्याऐंशी! मार्चात तो अंगठा लागला असता तर साठ घेऊन, चाळीस बुडवून, बांगड्या मोडून बसले असते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले. सासूबाई म्हणाल्या, "हिला परत ताप आला."

१२ जुलै

मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे सभा घेतली. एकेक जण एकेका दोरीखाली. आता माझ्याकडे सबब नव्हती. ना अंगठ्याची, ना बँकेची. आता विकायचं की ठेवायचं ते डोक्याने ठरवायचं, आणि तेच तर अवघड.

बुटकी म्हणाली ठेवू, वर चाललाय, दीर म्हणतो अजून जाणार. मी म्हटलं, तुझा दीर मार्चात शून्य म्हणत होता. ती म्हणाली, "माणूस चुकतो." मी म्हटलं, "हो ना, आणि उद्याही चुकेल. म्हणून विचारतेय, उद्या परत साठ झाले तर कोणाची चूल बंद पडेल? जिची पडेल तिने हात वर करा."

दोघींनी केले. मावशीने केला नाही. मी तिचा हात धरून वर केला.

हेच मला जानेवारीत विचारायला हवं होतं. जे पैसे डोळ्यात घालायचे आहेत ते बाजारात घालायचेच नव्हते. बाजार वाईट नाही, बाजार चांगलाही नाही, त्याला मावशीच्या डॉक्टरची तारीख माहीत नाही एवढंच. ज्याला थांबायला जमतं त्याने तिथे जावं.

तिघींचे काढले. दोघींनी कमी आलं ते मुकाट्याने घेतलं, एक तर म्हणाली मी सोडूनच दिले होते. मावशीचं कमी पडलं ते माझ्या वाट्यातून घातलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "मी शब्द दिलाय, मध्ये बोलू नका." तिचे पैसे मुदतीच्या ठेवीत, तीन महिन्यांची. व्याज काय, कबुतराला टाकायचे दाणे. पण रात्री कमी होणार नाहीत.

बांगड्या परत हातात घातल्या. एक घालताना अडकली. तापात वाळले नाही म्हणजे मी!

२० ऑगस्ट

आता गंमत बघा. दवाखान्यात माझं नाव झालंय! झाडूवालीपासून वॉर्डातल्या नर्सपर्यंत सगळ्यांना वाटतं, हवालदार बाईला बाजार कळतो. पडला तेव्हा हलली नाही! मी सांगते, हलायला मिळालं नाही. हसतात. म्हणे किती नम्र. मी आणि नम्र!

आज एक तरुण डॉक्टर लिफ्टपाशी थांबवून विचारतो, "काकू, आत्ता काय घ्यावं?" मी म्हटलं, "जेवण घ्या. चेहरा बघा आपला." तो खरंच जेवायला गेला.

ज्याचं नशीब फळलं त्याला लोक शहाणा म्हणतात आणि ज्याचं बुडालं त्याला मूर्ख. टायवाल्याची नोकरी गेली असं ऐकलं. वाईट वाटलं. निवांत झोपा म्हणाला होता पोरगा. तोही कुठे झोपला असेल?

१५ ऑक्टोबर

मावशीचा उजवा डोळा झाला. मी बाहेर बसले होते. आत एकीलाच सोडतात, तीही मावशीच. पैसे मी दोनदा मोजून भरले. पावती मी तिच्या ब्लाऊजमध्ये खोचली. म्हटलं, सांभाळा, हा तुमचा डोळा आहे.

१७ ऑक्टोबर

पट्टी निघाली. मावशी टेबलाशी आली, माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "हवालदार, तुला मिशी आहे गं!"

सगळ्या धुलाईघराने ड्रम बंद करून हसून घेतलं. साहेब धावत आले, वाटलं मशीन बिघडलं. मावशीने त्यांच्यासमोर एक चादर उचलली, उजेडात धरली, आणि फाटलेली म्हणून बाजूला टाकली. मग दुसरी. मग तिसरी. म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही मला काय काय घड्या घालायला देत होता!"

घरी येताना चालतच आले. चप्पल हातात घेऊन पळावंसं वाटत होतं, पण वय आहे, आणि मिशी आहे.

१० नोव्हेंबर

शंभराचे शंभर पुरे झाले आणि वर थोडे. टीव्हीवर सगळे नाचतायत. मी नाचले नाही. उरलेल्या तिघींना विचारलं. सगळ्यांचं एकच, राहू दे, घाई नाही. ठीक. पण या वेळी बँकेत जाऊन सगळं सरळ करून आले. बुटकीचं जन्मसाल सुधारून झालं होतं. खातं आता दोघींच्या नावावर. मागे कोणाचं नाव, तेही घातलं. नवीन माणूस म्हणाला, "काकू, अंगठा?" मी म्हटलं, हिचा घ्या, हिच्याकडे आहे.

हलकं वाटतंय. खरंच. वर्षभर छातीवर ओली चादर पडल्यासारखं होतं, ते कोणीतरी उचललं.

११ नोव्हेंबर

चहा पिता पिता मी सहज म्हटलं, "आई, तुमच्या भोळेपणाने वाचलो हो."

त्या कप खाली ठेवून म्हणाल्या, "भोळी कोण? पहिला फोन खोटा समजून कापला. दुसऱ्या वेळी त्या पोरीने तुझं नाव, नवऱ्याचं नाव, दवाखान्याचं नाव सगळं बरोबर सांगितलं. मग तो आणि पुढचे सगळे ओळखून कापले. तू बांगड्या फडक्यात बांधून रडत बसली होतीस ना, खातं उघडताच पडेल भावात विकून त्या मोडल्या असत्यास."

मी विचारलं, "आणि पैसे वर आलेच नसते तर?"

"तर तुला कधी सांगितलंच नसतं," म्हणाल्या, आणि माझ्या कपातला उरलेला चहा आपल्या कपात ओतून घेतला.